लेपाचा मान

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटात एक बगळा उभा आहे. एका पायावर, मान किंचित कलती, नजर खाली पाण्यावर. पाणी म्हणजे रंगवलेली फळी आणि बगळा म्हणजे कातडं, तार आणि कापूस. तरी बघणारा क्षणभर पाऊल हलकं करतो, न जाणो, उडून जायचा. कपाटावर पाटी आहे. तिच्यावर बगळ्याचं कूळ आहे, तो काय खातो ते आहे, कुठे घरटं करतो ते आहे. तो उभा कुणी केला ते नाही. कुणी विचारतही नाही. तो पिसाताईनं उभा केला.

पिसाताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. दारावरच्या पहारेकऱ्यानं ते ठेवलं. नव्या माणसाशी ओळख करून देताना तो न चुकता म्हणायचा, "पिसाट नव्हे बरं का, पिसाताई," आणि स्वतःच खो खो हसायचा. तीही हसायची. विनोद शिळा झाला म्हणून माणसाला का टाकून द्यायचं, असा तिचा एकंदर स्वभाव. माणसं टाकायला ती कधी शिकलीच नाही, आणि तिथंच तिचं चुकलं, असं माझं मत आहे.

आई गेली तेव्हा ती शाळेत होती. वडिलांनी वर्ष सरायच्या आत दुसरा संसार मांडला. अशा वेळी मामा आला, तिची कपड्यांची पेटी उचलली, आणि कुणाला काही न विचारता तिला आपल्या घरी घेऊन गेला. ही गोष्ट खरी आहे आणि तिचं श्रेय मामाला द्यायलाच हवं. पिसाताई त्याला जन्मभर अहोजाहो करत आली. मी करणार नाही. ज्याला करायचं असेल त्यानं पुढचं ऐकून घ्यावं आणि मग ठरवावं.

मामा संग्रहालयात मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरायचा. मागच्या अंगाला लांबोडकी खोली, एका बाजूला ओळीनं खिडक्या, मधोमध डाग पडलेलं लाकडी टेबल. भिंतीला तारेची वेटोळी, कपाटाच्या खणांत काचेचे डोळे मापाप्रमाणे लावलेले, आणि सगळ्यावर कापराचा वास. लोक मामाला उस्ताद म्हणत आणि तो उस्ताद होताच, ते नाकारून चालणार नाही. कोल्ह्याच्या ओठाला तो असा मुरका द्यायचा की कोल्हा आत्ताच कुणाला तरी शेंडी लावून आलाय असं वाटावं. "जिवंतांचं डॉक्टर बघतील, मेलेल्यांना मी आहे," असं म्हणायचा. पोरीला त्यानं हाताशी घेतलं. कातडं न फाडता कसं सोडवायचं, पंखाच्या सांध्यात तार कुठून घालायची, टाका पिसांखाली कसा लपवायचा, सगळं शिकवलं. ती पटापट शिकली. मामा चारचौघांत तिचं कौतुक करायचा आणि ती दिवसभर त्या कौतुकावर तरंगायची.

कातडं टिकायला, त्याला किडा लागू नये म्हणून, आतून एक लेप द्यावा लागतो. दह्यासारखा घट्ट, पांढुरका. त्याला मामा साबण म्हणायचा. हा साबण मामा स्वतः करायचा, खोलीच्या टोकाला असलेल्या कोठडीत, दार लावून. तिथे काय काय डबे होते ते पिसाताईनं उघड्या दारातून पाहिलं होतं, पण मामाच्या त्या राज्यात कुठल्याच डब्याला नाव नव्हतं. पांढरी, पिवळी, खडा, साबण, बस. चोचीवर पिवळा हात द्यायचा तर "पिवळी आण" म्हणायचं. ही म्हणजे कशाची पूड, असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा मामा म्हणाला, "नाव घेऊ नये. नाव घेतलं की हात अडतो. आमच्या उस्तादांनीही आम्हाला सांगितलं नाही." प्रत्येक धंद्याचे काही पाळायचे नियम असतात. तिला वाटलं, हा आपल्या धंद्यातला.

मामाला एक मुलगा होता. पिसाताई त्याला दादा म्हणायची. दादाच्या बोटांत कसब होतं. घरी बसून लाकडाचे पक्षी कोरायचा आणि ते बापाच्या पक्ष्यांहून फार मागे नव्हते. त्याला या खोलीत यायचं होतं. एकदा तो डबा द्यायच्या निमित्तानं आला आणि उंबरठ्याच्या आत पाऊल टाकणार तोच मामा असा कडाडला की काचेचे डोळे खणात थरथरले. मामानं त्याला दारातून बाहेर नेलं, व्हरांड्यात खांद्यावर हात टाकून बराच वेळ काहीतरी समजावलं, आणि दादा मान खाली घालून निघून गेला. पुढे त्याला कचेरीत चिकटवलं. दादानं बापाजवळ त्यावर पुन्हा ब्र काढला नाही.

यानंतर थोड्याच दिवसांनी मामानं पिसाताईला टेबलाशी बोलावलं. समोर घुबडाचं कातडं उलटं करून ठेवलं होतं, शेजारी साबणाची वाटी. मामाचे पाय तेव्हा दुखायला लागले होते, काठी घेऊन चालायचा. म्हणाला, "आजपासून लेप तुझा."

लेप म्हणजे साधं काम नव्हे. टाके कुणीही घालील, तार कुणीही वाकवील, पण लेपात कसूर झाली तर सगळ्या मेहनतीवर हरताळ. म्हणून तो उस्तादाच्याच हातचा असतो. "हातमोजे नाहीत," मामानं बजावलं. "मोजे घातले की कातडं बोलत नाही. बोटाच्या पेरानं लाव. पापणीच्या आत, नखाच्या मुळाशी, कुठे कोरडं राहिलं ते बोटालाच कळतं." तिनं बोट वाटीत बुडवलं. मोठ्या मानाची गोष्ट होती ती. दादाला डावलून, पोटच्या पोराला बाजूला सारून, मामानं आपल्याला दिलं. त्या आनंदात तिला दादाची कीव आली, आणि कीव आली म्हणून लाजही वाटली. तोवर तिचं लग्न झालं होतं; घरी जाऊन आधी तिनं हे नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "साबणच लावायचा ना? तो मीही लावतो रोज." नवरे असंच बोलतात. हा तर पुढे तिच्या पदरात एक लेक टाकून परगावी नोकरीला गेला आणि तिथलाच होऊन राहिला.

वर्षं गेली. तिनं हजारो पाखरं हाताखालून काढली. दोरा ओवताना टोक ओठांत ओलं करायची, पेरावर साबण असला तरी, कारण साबणाला चवच नव्हती. पुढे तळहात राठ झाले. बारीक बारीक कणीदार गाठी आल्या, एखाद्या खरबरीत भिंतीवर हात फिरवावा तशा. पाठीवर गडद आणि फिकट ठिपके उठले. पोट वरचेवर बिघडायचं, बोटांना मुंग्या यायच्या. डॉक्टर कधी उष्णता म्हणाले, कधी अशक्तपणा. मामानं तिचे हात आपल्या हातांत घेऊन पाहिले. बराच वेळ पाहिले. मग स्वतः जाऊन मलम आणून दिलं आणि म्हणाला, "कामाची खूण आहे ही. अंगावर मिरवावी."

ती मिरवायची, काय सांगू!

मामा निवृत्त झाला तरी साबणाची कृती त्यानं सोडली नाही. "वेळ आली की देईन," म्हणायचा. मधूनमधून काठी टेकत यायचा, कोठडीत शिरायचा, कोपरापर्यंत रबरी मोजे चढवायचा, नाकातोंडाला फडकं बांधायचा, आणि मोठं भांडं भरून साबण करून जायचा. मोजे कशाला, तर चुना झोंबतो म्हणे, म्हाताऱ्या कातडीला सोसत नाही. पिसाताईला हे पटायचं. तिला मामाचं सगळंच पटायचं. लेक मोठी झाली, आईच्या मागे मागे खोलीत यायला लागली, रमली, आणि गेल्या वर्षी कामालाही लागली. मुलीचा हात आईपेक्षा हलका. पिसाताईनं तिला टेबलाशी बोलावलं, समोर उलटं कातडं ठेवलं, आणि मामाच्याच शब्दांत म्हणाली, "आजपासून लेप तुझा. मोजे नाहीत." मामा मुद्दाम बोलावल्यामुळे आला होता. तो खुर्चीत बसून बघत होता. लेकीनं बोट वाटीत बुडवलं आणि आजोबांकडे पाहून हसली. आजोबा हसले नाहीत. म्हातारा हळवा झालाय, असं पिसाताई नंतर म्हणाली.

मग संग्रहालय नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. जुन्या वस्तू हलवण्याआधी तपासायला एक बाई आल्या, रसायनांची माहिती असलेल्या. अंगावर पांढरा झगा, हातात मोजे, तोंडावर पट्टी. पिसाताईनं लेकीला कोपरखळी मारली, "बघ, बगळ्याला आपली बाधा होऊ नये म्हणून किती जपतात." बाईंनी बगळ्याच्या पायाशी साचलेली पांढरी भुकटी कापसानं टिपली, छोट्या बाटलीत टाकली, त्यात आणखी काही थेंब, वर कागदाची पट्टी. पट्टी पिवळी झाली, मग तपकिरी. बाईंनी कपाट लावून घेतलं आणि दाराला दोरी बांधली.

"याला कुणी हात लावलाय का?" त्यांनी विचारलं.

"हात? अहो, मीच तर केलाय तो," पिसाताई म्हणाली. "पांढरं दिसतंय ना, तो आमचा साबण आहे."

"हे आर्सेनिक आहे."

पिसाताईला तो शब्द पाटीवरच्या शब्दांसारखा वाटला, विद्वानांचा. तिनं मान डोलावली. बाईंच्या ते लक्षात आलं. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सोमल, मावशी. सोमल."

हा मात्र तिला कळला. गोष्टींतल्या राजांना दुधातून देतात तो. उंदरांना घालतात तो. तिच्या लहानपणी शेजारच्या बाईनं खाल्ला होता आणि गल्लीभर रडारड झाली होती तो. लेकीनं आपले दोन्ही हात अंगापासून लांब धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"आणि ही पिवळी?" पिसाताईनं चोचीकडे बोट दाखवलं. तिचा आवाज अगदी शांत होता.

"हरताळ. सोमलाचीच बहीण समजा. लाल असती तर मनशीळ म्हटलं असतं. कारखान्यात याच पांढऱ्याला नुसतं पांढरं म्हणतात, दुकानात आणखी काही. नावं सतरा, घराणं एकच." मग बाईंनी तिचा तळहात मोज्यातल्या बोटांनी उलटा केला, त्या गाठींवरून अंगठा फिरवला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "मावशी, हे उघड्या हातांनी लावायचा तुम्ही? तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

त्याच दिवशी दोघींना दवाखान्यात पाठवलं. नखं कापून घेतली, केस कापून घेतले, रक्त घेतलं. लेकीचं वर्षच झालं होतं, ती सुटेल, असं डॉक्टर म्हणाले. पिसाताईच्या तळहातांच्या कातडीचे तुकडे तपासायला पाठवू, तोवर काही बोलता येत नाही, असंही म्हणाले. तिनं ऐकलं, पण लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. मामाला माहीत नसावं. हातांचं व्हायचं ते होवो, पण मामाला माहीत नसावं. त्यालाही त्याच्या उस्तादानं फसवलं असेल. त्याचेही पाय गेलेच की. नाव घेऊ नये, असं त्यालाही सांगितलं होतंच की. दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं मामासाठी अशा सबबी गोळा केल्या, जशी दुसरी बाई लेकीच्या लग्नासाठी वस्तू गोळा करते.

दोघी तिथूनच मामाकडे गेल्या. दुपार कलली होती. मामा खिडकीशी आरामखुर्चीत होता, पायांवर पांघरूण. दादा कचेरीतून नुकताच आला होता, शर्टाच्या बाह्या दुमडत होता. भिंतीवर त्यानं कोरलेले लाकडी पक्षी ओळीनं लावलेले. पिसाताई मामाच्या पायाशी स्टुलावर बसली, लहानपणी बसायची तशी, आणि सगळं सांगितलं. सांगताना तीच त्याला धीर देत होती.

"तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं, मामा," ती म्हणाली. "आपल्या सगळ्यांनाच अंधारात ठेवलं."

तिनं त्याला दार उघडून दिलं होतं. नुसती मान हलवली असती तरी ती उठून त्याला पाणी देऊन घरी गेली असती आणि जन्मभर त्या उस्तादाच्या उस्तादाला शिव्या घातल्या असत्या. पण मामानं तिच्या लेकीकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे, आणि म्हातारा घाबरला. उद्या हे संग्रहालयातले लोक विचारायला येतील, हे त्याच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं.

"ठाऊक नसायला काय झालं," तो म्हणाला. "या धंद्यात सगळ्यांनाच ठाऊक असतं. तुलाही मी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"जपून राहा म्हणून. लेप दिला त्याच दिवशी. तू ऐकलं नाहीस. तुला घाई फार."

 हा माणूस सहज बोलत होता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. लेक भिंतीला टेकून उभी होती आणि आता तिची नजर आजोबांवरून आईवर आली.

"तुम्ही म्हणालात मोजे नाहीत," पिसाताई म्हणाली.

"मोजे नाहीत म्हणालो. बोटं तोंडात घाल म्हणालो होतो का?"

हे ऐकून दादा मध्ये पडला. त्याला बापाची बाजू सावरायची होती. भला माणूस आहे तो, आणि भल्या माणसांनी केलेलं नुकसान कुणी मोजत नाही. "ताई, बाबा सांगायचे गं सगळ्यांना," तो म्हणाला. "मलाही सांगितलं होतं ना. त्या दिवशी व्हरांड्यात. म्हणाले, आत विष आहे, या खोलीत पाय ठेवायचा नाही, मी अर्धा गेलोच आहे, तुला जाऊ देणार नाही. मला वाटलं, तुलाही सांगितलंय आणि तू तरीही काम करतेस. मी तर तुला धीराची म्हणायचो सगळ्यांजवळ."

 खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

पिसाताईनं मामाकडे पाहिलं. तो व्हरांडा तिला आठवला, तो खांद्यावरचा हात. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते घुबडाचं कातडं. ज्याला ती जन्मभर मान समजत आली तो मान नव्हता. लेप कुणीतरी लावायलाच हवा होता. पोटचा पोर मामानं तळहाताच्या फोडासारखा जपला, आणि त्याच्या वाटचे फोड हिच्या तळहातावर दिले. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. गळा कापणाऱ्यानं निदान तिला आधी घरी आणून, न्हाऊमाखू घालून, कौतुक करून वाढवायला नको होतं.

"मामा," ती म्हणाली, "दादाला नाही म्हणालात. मला का नाही म्हणालात?"

मामा पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिला. शेवटी म्हणाला, "तो एकुलता एक आहे."

"आणि ही?" तिनं लेकीकडे हात केला. "गेल्या वर्षी तुम्ही समोर बसला होतात. हिनं वाटीत बोट घातलं तेव्हा तुम्ही समोर होतात, मामा! माझीही एकच आहे."

"तूच तर दिलंस तिला," मामा म्हणाला. "मी कुठे दिलं?"

ते खरं होतं. म्हातारा त्या दुपारी फार थोडं खरं बोलला आणि तेवढं त्यानं नेमकं सुरीसारखं वापरलं. पिसाताई उठली. दादा "ताई, थांब, पाणी तरी घे" म्हणत जिन्यापर्यंत आला. तिनं मागे पाहिलं नाही. खरं तर तिला अजून मामाच्या पाया पडायची सवय होती. दारातून बाहेर पडताना कंबर आपोआप वाकायला लागली, ती तिनं सरळ केली, आणि हे करताना तिला हुंदका आला.

रस्त्यावर माणसं कामावरून परतत होती. दोघी मायलेकी भिंतीच्या कडेनं चालल्या. लेक दोन पावलं पुढे होती, हात खिशात खोल घातलेले. एका दुकानाच्या पायरीशी ती थांबली आणि न वळताच म्हणाली, "आई, खरंच तुला सांगितलं नव्हतं?"

"नाही गं. शप्पथ नाही."

 लेक चालायला लागली, आईसाठी न थांबता. पिसाताईला तिच्यामागे धावून ओरडावंसं वाटलं की तो खोटं बोलतोय, म्हातारा धडधडीत खोटं बोलतोय. पण आजोबा कधी खोटं बोलत नाहीत, हे पोरीला पाळण्यात असल्यापासून तिनंच सांगितलं होतं.